मोकळ्या पटांगणातील योगवर्गासाठी साडेतीन हजारांच्या आत कोणता ब्लूटूथ स्पीकर घ्यावा?

रंकाळाकाठ

नमस्कार. रंकाळ्याजवळच्या एका पटांगणात आम्ही पंचवीस-तीस महिला रोज सकाळी पावणेसहा ते सात योगासने करतो. निम्म्याहून अधिक जणी साठीच्या पुढच्या आहेत आणि दोघी-तिघींना ऐकूही कमी येते. सूचना मी तोंडी देते आणि मागे मोबाइलवर संथ वाद्यसंगीत लावते. मात्र तिसऱ्या रांगेच्या पलीकडे ना संगीत पोहोचते ना माझा आवाज, आणि तासाभराने घसा बसतो तो वेगळाच. सर्वांनी वर्गणी काढून साडेतीन हजारांपर्यंत रक्कम जमवली आहे. दुकानात विचारले तेव्हा एकाने दहा वॅटचा स्पीकर दाखवला, दुसऱ्याने तितक्याच आकाराचा, पण खोक्यावर भलामोठा वॅटचा आकडा छापलेला स्पीकर त्याहून कमी किमतीत पुढे केला, त्यामुळे गोंधळ वाढला. पावसाळ्यात आम्ही समाजमंदिराच्या व्हरांड्यात बसतो, तिथे शिंतोडे येतातच. शिवाय सासूबाईंना घरी त्यावर आकाशवाणीचे कोल्हापूर केंद्र ऐकता आले तर दुधात साखर. खरेदी करताना नेमके काय पाहावे?

वॅट-व्होल्ट

ताई, माझे दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे टेबलावर उघडून पडलेले स्पीकर रोज पाहतो. पहिली गोष्ट, खोक्यावरचा वॅटचा आकडा तेव्हाच विचारात घ्या जेव्हा त्यापुढे ‘आरएमएस’, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, असे लिहिलेले असेल. ‘पीएमपीओ’ (क्षणभराची फुगवलेली ताकद) लिहिलेला किंवा काहीच न लिहिलेला शंभर-दोनशेचा आकडा निव्वळ सजावटीसाठी असतो. आरएमएस वॅट दुप्पट झाले तरी आवाजाची पातळी फक्त 3 डेसिबलने वाढते, तर उघड्यावर अंतर दुप्पट झाले की ती सुमारे 6 डेसिबलने घटते. म्हणजे पाचाऐवजी दहा वॅटचा स्पीकर घेऊन जे मिळवाल ते मागची रांग दोनऐवजी चार मीटरवर गेली की संपले आणि वर तोटाच झाला. म्हणून स्पीकर कुठे ठेवता याला फार महत्त्व आहे. गवतावर ठेवला तर शब्द स्पष्ट करणारे वरच्या पट्टीचे स्वर पुढच्या रांगेतल्या माणसांच्या अंगावर आणि गवतातच विरतात. तोच स्पीकर स्टुलावर किंवा कट्ट्यावर कानाच्या उंचीला ठेवला आणि मागे भिंत असली तर एक पैसाही न खर्चता फरक जाणवेल.

दुसरे म्हणजे बॅटरी. ‘बारा तास’ हा दावा बहुधा निम्म्या आवाजावर मोजलेला असतो. 1800 एमएएच आणि 3.7 व्होल्टची बॅटरी म्हणजे सुमारे साडेसहा वॅट-तास. त्यावर दहा वॅटचा स्पीकर सतत पूर्ण क्षमतेने चालवला तर हिशेबाने चाळीस मिनिटेही धड निघत नाहीत. संगीतात आवाज सतत कमी-जास्त होत असल्याने प्रत्यक्षात तो त्याहून बराच जास्त चालतो, परंतु मैदानावर आवाज शेवटच्या टोकाला नेणाऱ्याने जाहिरातीतले तास निम्मे धरावेत.

आणि एक गोष्ट दुकानातच तपासा. चार्जिंगचे भोक टाइप-सी आहे म्हणून कोणतीही वायर चालेल असे समजू नका. स्वस्त स्पीकरमध्ये त्या भोकामागच्या पट्टीवर 5.1 किलोओमचे दोन बारीक रेझिस्टर बसवायचे टाळलेले असते, आणि मग नव्या मोबाइलच्या दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरने तो स्पीकर चार्जच होत नाही, जुन्या चौकोनी यूएसबी टोकाच्या वायरनेच होतो. असे ‘बिघडलेले’ कितीतरी स्पीकर माझ्याकडे येतात आणि वायर बदलून परत जातात.

खंडोबा तालीम परिसर

वरील सर्व मान्य, पण मुळात ताईंची गरज संगीताची नसून बोलण्याची आहे, आणि ब्लूटूथ स्पीकर हे बोलण्याचे साधन नव्हे. मी मंडळांचे, शाळांचे ध्वनी लावतो. तुम्ही मोबाइलवर माइकचे अ‍ॅप टाकून ब्लूटूथने आवाज पाठवायला गेलात तर तो साधारण एक ते दोन दशांश सेकंद, कधी त्याहूनही उशिरा बाहेर पडतो. गाणे ऐकताना हे कळत नाही, परंतु स्वतःचाच शब्द मागून ऐकू आला की बोलणारा अडखळतो. ‘ऑक्सचे (बाहेरचे उपकरण वायरने जोडायचे) भोक आहे, त्यात माइक लावा’ असे विक्रेता सांगेल, तेही ऐकू नका. ऑक्समध्ये मोबाइलसारख्या उपकरणाचा तयार सिग्नल लागतो आणि साध्या माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचाच असल्याने आवाज कुजबुजीइतका येतो. ‘माइक’ असे लिहिलेले वेगळे भोक असेल तरच माइक चालतो.

शिक्षक आणि सहलीचे मार्गदर्शक कमरेला बांधतात तो छोटा व्हॉइस अ‍ॅम्प्लिफायर पाहा. त्याला डोक्यावर अडकवायचा वायरचा माइक असतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि तुम्हाला आसन करून दाखवताना बोलता येते. बहुतेकांत मेमरी कार्ड लावायची सोय असते, काहींत ब्लूटूथ आणि एफएमही असते. तुमच्या रकमेच्या निम्म्यात चांगला मिळेल. त्यातले संगीत पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटेल हे आधीच सांगून ठेवतो, कारण तो माणसाच्या आवाजासाठीच बनवलेला असतो. तो कमरेला न बांधता लांब वायर लावून स्टुलावर तुमच्या पुढे, तोंड महिलांकडे करून ठेवा. माइक स्पीकरच्या समोर आला की शिट्टी वाजू लागते.

राजारामपुरीकर

मला वाटते आपण संगीताला फारच कमी लेखतो आहोत. शवासनात चिरका आवाज कानावर पडला तर शवासन कसले? माझ्याकडे जेबीएलचा गो 3 आहे, 4.2 वॅटचा, धूळ-पाण्यापासून बचावाच्या आयपी67 दर्जाचा. कंपनी पाच तासांचा दावा करते आणि घरच्या खोलीत तो उत्तम वाजतो. मी तोच सुचवेन.

वॅट-व्होल्ट

खोलीसाठी तो चांगलाच आहे, पण पटांगणात तीस जणींसाठी 4.2 वॅट अपुरे पडतील, आणि त्याला ऑक्सचे भोकही नाही. त्याचा आयपी67 दर्जा मात्र ताईंच्या व्हरांड्याला उपयोगी आहे. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. 7 म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकतो. आयपीएक्स7 मधला एक्स म्हणजे धुळीची चाचणी नोंदवलेलीच नाही. शिंतोड्यांसाठी आयपीएक्स4 देखील पुरे, मात्र चार्जिंगच्या भोकावरचे रबरी झाकण नीट बसवलेले असायला हवे. मी उघडलेल्या ‘पाण्यात पडलेल्या’ स्पीकरांत पाणी जवळजवळ नेहमी तिथूनच शिरलेले असते.

शाहूपुरी पाचवी गल्ली

एक बाब कोणी मांडलेली नाही. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही, आणि ताईंचा वर्ग पावणेसहाला सुरू होतो. पहिली पंधरा मिनिटे मौन, प्राणायाम असे काही ठेवले तर शेजारच्या इमारतीतून तक्रार येणार नाही.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पंधरा मिनिटांची सूचना लगेच अमलात आणते, तसेही सुरुवातीला आम्ही बसून श्वासावरच लक्ष देतो. माइकचे म्हणणे पूर्ण पटले. मैत्रीण म्हणते की चाकांचा ट्रॉली स्पीकर घ्यावा, त्याला माइकही येतो आणि संगीतही दमदार वाजते. त्याबद्दल काय मत आहे?

खंडोबा तालीम परिसर

आवाजाच्या दृष्टीने मैत्रिणीचे बरोबर आहे, परंतु तो रोज घरातून कोण नेणार आणि जिने कोण चढवणार हे आधी ठरवा. या किमतीतल्या बऱ्याच ट्रॉलींत शिशाची जड बॅटरी असते. ती पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनाभर पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि पुढे ती चार्ज धरत नाही. दिवाळीच्या सुटीनंतर शाळांचे फोन येतात ते याचसाठी. तुमचा वर्ग रोजचा असल्याने हा धोका कमी आहे, पण वजन रोजचेच आहे.

रंकाळाकाठ

मग असे ठरवते आहे. माझ्यासाठी डोक्यावरच्या माइकसह व्हॉइस अ‍ॅम्प्लिफायर, आणि उरलेल्या पैशांत संगीतासाठी दहा वॅट आरएमएसच्या आसपासचा, शिंतोडे सोसणारा स्पीकर, जो सासूबाईंसाठी घरीही वापरता येईल. एफएमबद्दल मात्र कोणी काही लिहिले नाही.

वॅट-व्होल्ट

योजना योग्य आहे. या आकाराच्या स्पीकरला बाहेर काढायची अँटेना सहसा नसते. चार्जिंगची किंवा ऑक्सची वायरच अँटेनाचे काम करते, म्हणून आकाशवाणी ऐकताना वायर जोडून खिडकीकडे मोकळी सोडायची. खरखर आली तर प्रसार भारतीचे न्यूजऑनएअर अ‍ॅप मोबाइलवर घेऊन तिथून ब्लूटूथने लावा. खरेदीला जाताना स्वतःचा मोबाइल आणि स्वतःची वायर न्या, आवाज पूर्ण वाढवून दुकानाबाहेर रस्त्यावर उभे राहून ऐका, कारण चार भिंतींत सगळेच स्पीकर दमदार वाटतात. खोक्यावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून पाहा. उत्पादकाचे नाव जुळले नाही तर दुसरे दुकान गाठा. बिलावर मॉडेल लिहून घ्या आणि वॉरंटीत बॅटरी धरली आहे का, हे तिथेच विचारा.

राजारामपुरीकर

ताई, संगीतासाठीचा स्पीकर ठरला की एकाच मॉडेलचे दोन जोडून चालवण्याची सोय त्यात आहे का तेवढे पाहा. पुढच्या वर्षी वर्गणी जमली तर दुसरा आणून एक पुढे आणि एक मागच्या रांगेजवळ ठेवता येईल, म्हणजे मागच्या जणींसाठी पुढच्यांच्या कानाशी आवाज वाढवावा लागणार नाही.

रंकाळाकाठ

हे उत्तम सुचवलेत. रविवारी दोघी-तिघी मिळून जातो, वायर आणि मोबाइल घेऊनच.