हात बारला लावा, मांडीला नको
"मनोरंजन पार्कच्या कर्मचाऱ्यानं पाहुण्याला हातच लावू नये" असं काही जण म्हणतात, ते राईडवर कसं जमायचं? लॅप बार (मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा) नीट बसलाय का, हे नुसतं बघून कळत नाही, ओढूनच बघावं लागतं. फक्त हात बारला, मांडीला नव्हे.

पुसेगावच्या यात्रेत पाळणेवाल्यानं आमच्या पोरीला मी हो म्हणायच्या आत बखोट धरून उचललं नि पाळण्यात बसवलं. माणूस भला होता, पण पोरगी जी आक्रसली ती खाली उतरेपर्यंत.

डिस्नेच्या पार्कांत कोरोनामुळे थांबलेल्या पात्रांच्या (मिकी माऊस वगैरेंचा वेश केलेल्या कर्मचाऱ्यांच्या) गळाभेटी अमेरिकेत एप्रिल २०२२ मध्ये परत सुरू झाल्या. माझ्या मते मिठी पोरगं स्वतः पुढं आलं तरच. आईबापानं फोटोसाठी ढकललं म्हणून नाही.