तुम्ही तुम्हीच कशावरून? कागदपत्रं, अंगठे आणि ओटीपीचे अनुभव

कट्टेकरी (धागाकर्ता)

नोव्हेंबर आला की आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर गुडघेदुखीच्या गप्पा मागे पडतात आणि हयातीच्या दाखल्याच्या सुरू होतात. कोणाचा अंगठा लागला, कोणाचा नाही, कोणाच्या बँकेत मशीन बंद आहे. पण हा विषय काही पेन्शनरांपुरता नाही. शाळेत नाव घातल्यापासून आपल्या सगळ्यांचा एक जोडधंदा चालूच असतो, मी मीच आहे हे समोरच्याला पटवून देण्याचा. नाव जुळत नाही, सही जुळत नाही, बोटं जुळत नाहीत. फोटो तर आपला आपल्यालाच ओळखू येत नाही.

असे अनुभव इथे लिहा. हसवणारे, डोकं फिरवणारे, दोन्ही एकदम असतील तर फारच छान. बँकेचं, कार्यालयाचं, माणसाचं नाव मात्र नको. आणि ‘सगळी सिस्टीमच बेकार’ एवढ्यावर उरकू नका, काय झालं ते नीट सांगा.

सुरुवात माझी. बाबा ८० च्या पुढचे. या वयाच्या निवृत्तांना दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, त्यामुळे नोव्हेंबरची गर्दी टळते. बोटांच्या रेषा पुसट झाल्यात, म्हणून मोबाईलवर चेहरा दाखवून काम करायचं ठरलं. ही सोय २०२१ पासून आहे. बाबांना खिडकीशी उजेडात बसवलं. समोर जिवंत माणूस आहे, फोटो नाही, हे मोबाईलला कळावं म्हणून डोळे मिचकावावे लागतात. बाबा पडले हेडमास्तर. फोटो म्हटला की ताठ बसायचं, श्वास रोखायचा आणि डोळे वटारायचे, एवढंच त्यांना ठाऊक.

“बाबा, डोळे मिचकावा.”

त्यांनी दोन्ही डोळे मिटले आणि ध्यानाला बसल्यासारखे स्वस्थ.

“मिटून बसू नका हो, उघडझाप करा.”

मग त्यांनी एकच डोळा मिचकावला. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. “अगंबाई! उभ्या संसारात माझ्याकडे बघून कधी केलं नाही असलं काही. पेन्शनसाठी बरं जमतंय!”

बाबा हसले, मान हलली, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी काम झालं ते एका माशीमुळे. नाकावर बसली, बाबांनी पटापट डोळे मिचकावले आणि केंद्र सरकारची खात्री पटली.

मळ्यातला

माशीला दंडवत!

आमच्या घराण्याचा प्रश्न तारखेचा. आजोबा, वडील, दोन्ही चुलते, सगळ्यांचा जन्म १ जूनचा. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या अर्ध्या लोकांचा वाढदिवस १ जूनलाच असतो हे तुम्हाला माहीत असेलच. घरात जन्मतारीख कोणी लिहून ठेवत नसे. ‘मोठ्या पुरात झाला’ किंवा ‘कपिलीनं कालवड दिली त्या साली’ अशी नोंद. शाळा जूनमध्ये उघडायची. गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचे. लागला की वय झालं, मांड १ जून.

त्यात आजोबांनी मोठ्या आणि धाकट्या चुलत्याला एकाच दिवशी शाळेत नेलं. मोठा तोवर गुरांमागं होता. गुरुजींनी दोघांना एकच तारीख, एकच साल देऊन टाकलं. कागदावर जुळे, प्रत्यक्षात मध्ये एक आत्या आहे. आजी म्हणायची, “बाळंतपणं माझी, तारखा गुरुजींच्या.”

पुढं दोघं एकाच खात्यात चिकटले आणि एकाच दिवशी रिटायर झाले. धाकटे चुलते आजही म्हणतात, “दादामुळं माझी नोकरीची वर्षं गेली.” आता विमा काढायला गेलं की काउंटरवरची मुलगी सगळ्या घराचे कागद बघून विचारते, “काका, हे कॉपी-पेस्ट झालंय का?”

फायलीतला उंदीर

ज्याचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे हा आमच्या कार्यालयाचा सामुदायिक निरोप दिन. शाली घाऊक भावात आणायचो. भाषण एकच, नावं बदलायची.

नुसती वैदेही

धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं.

माहेरचं नाव शुभांगी. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने ‘वैदेही’ लिहिलं. कौतुकाचा भाग होता, मलाही आवडलं. पण सासऱ्यांनी त्याच उत्साहात ते रेशनकार्डावर चढवलं. शाळेचा दाखला, पदवी, पॅन शुभांगीचं, माहेरच्या आडनावाने. आधार शुभांगीचं, सासरच्या आडनावाने. रेशनकार्ड आणि गॅस वैदेहीचा. वास्तविक लग्नानंतर बाईने नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. पण हे सांगेपर्यंत अर्धी माणसं ‘वहिनी’ म्हणून मोकळी झालेली असतात.

घराच्या कर्जासाठी गेलो. साहेबांनी सगळे कागद पत्त्यांसारखे टेबलावर मांडले.

“या शुभांगी कोण?”

“मी.”

“आणि या वैदेही?”

“त्याही मीच.”

“बरं, मग सहीला दोघींनाही घेऊन या.”

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच वाटलं की कर्जदार तिघं आहेत. नवरा शेजारी बसून पोट धरून हसत होता. त्याला हसायला काय जातंय, बारशाला ठेवलेल्या नावावर त्याची सगळी कामं होतात.

मग दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. स्टॅम्पपेपर १०० चा, या हिशेबाने सुटे पैसे घेऊन गेले. मुद्रांकवाल्याने सांगितलं, “मॅडम, ऑक्टोबर २०२४ पासून १०० चा विषय संपला, आता ५०० चा.” त्यावर टायपिस्टने माझं नाव टंकलं ‘शुभांगी ऊर्फ विदेही’. देहच उरला नाही म्हटल्यावर कर्ज कोण देणार?

पोह्यात लिंबू

विदेही! ऑफिसात वाचतेय, बॉसने वर बघितलं.

वऱ्हाडी ठेचा

आमच्या गावात रेशनच्या मशीनले रेंज भेटत नाही. दुकानदार मशीन घेऊन पाण्याच्या टाकीजवळ बसते. लाईन टाकीपाशी, धान्य दुकानात. अंगठा तिथी द्या, मंग पोतं घेऊन इथी या.

मायी आजी गेली तर तिचा अंगठा काही केल्या उठे ना. जिंदगीभर कापूस वेचला, भांडे घासले, रेषा कुठून राहतीन? दुकानदार म्हणे, हात धुऊन या. धुतला. म्हणे, लुगड्याले पुसा. पुसला. म्हणे, थोडं तेल लावा. मांगून एक जण म्हणे, केसावरून फिरवा, तेल फुकटात लागते. लाईनमधले सगळे इलाज सांगून राहिले अन् आजी गुमान करून राहिली. शेवटी तिचा पारा चढला. म्हणे, “सावकाराच्या कागदावर बराबर उठत होता रे आमच्या मानसायचा अंगठा! आता चार दाने तांदूळ घ्याचे त मशीनले दिसत नाही काय?”

लाईन एकदम चूप. मंग दुकानदारानं घरच्या दुसऱ्या मेंबरचा अंगठा चालते म्हणून मले बोलावलं. माया एका झटक्यात लागला. आजी म्हणे, “लागंलच ना, कामच नाही केलं त झिजन कुठून!”

सेतूवाला

मी तालुक्याच्या गावी आधारचं केंद्र चालवतो. म्हणजे ज्याच्या नावाने वरचे सगळे बोटं मोडतात तो मी.

वऱ्हाडी भाऊ, आजीची गोष्ट रोज बघतो. विडी वळणाऱ्या बायका, गवंडी, धुण्याभांड्याच्या मावश्या, सगळ्यांची तीच तऱ्हा. बोट कोरडं असेल तर लागत नाही, ओलं असेल तर त्याहून लागत नाही, आणि लोक काचेवर असं दाबतात की मशीनच मागं सरकतं. हलकं ठेवायचं, दुसरं बोट बघायचं. अंगठाच पाहिजे असं काही नाही. जिथं सोय असेल तिथं डोळ्याची बाहुली किंवा चेहरा मागायचा. मुलांचे ठसे पाचव्या आणि पंधराव्या वर्षी पुन्हा द्यायचे असतात, ते लोक विसरतात आणि बारावीनंतर प्रवेशाच्या ऐन गर्दीत धावत येतात. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. त्यामुळं घरून नक्की ठरवून या. माझ्या टेबलापुढं उभं राहून ‘दीपक’चा दि पहिला की दुसरा यावर नवरा-बायकोची भांडणं झालेली मी पाहिलीत.

फोटोबद्दल सगळे मला शिव्या देतात. कॅमेरा साधा, मागं पांढरा पडदा, डोक्यावर ट्यूबलाईट, त्यात माणूस दोन तास रांगेत उभा राहून आलेला. चेहऱ्यावर तेज आणू कुठून? एक आजोबा आले, खास परीटघडीची टोपी घालून. टोपीची सावली कपाळावर पडत होती. म्हटलं, बाबा, जरा टोपी काढता का. त्यांनी मला खालून वर बघितलं. “टोपी काढल्यावर गावात मला वळखंल कोन?” मुद्दा बिनतोड होता. मी ट्यूबलाईट सरकवली.

ऊसकरी

टोपीवाले आजोबा पन्हाळ्याकडचे असणार, पैज लावतो.

आमचं मामा मतदारयादीत स्त्री हाईत. मिश्या ह्या एवढ्या. २०२४ ला लाडक्या बहिणीचं पैसं सुरू झालं तवापास्नं गावात जगणं हराम झालंय. चावडीवर गेलं की पोरं विचारत्यात, “मामी, हप्ता आला का?”

झुआरीकाठ

गोव्यातून दोन शब्द. १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचे आमचे जन्मदाखले पोर्तुगीजमध्ये आहेत. आजोबांचं नाव केशव. दाखल्यावर त्याचं स्पेलिंग क्यू, यू, ई, एक्स, ओ, व्ही, ए. त्या भाषेत श चा उच्चार एक्सने लिहितात, त्यामुळे हे अगदी बरोबर आहे. पण पुण्याच्या रुग्णालयात नोंदणीला बसलेल्या मुलाला ते कसं कळणार? त्याने माईकवर पुकारलं, “क्वेक्सोवा कोण आहेत? क्वेक्सोवा!” आजोबा शांतपणे पेपर वाचत बसले. नंबर गेला. आजोबांचं म्हणणं, “मला वाटलं कोणी रशियन बाई आहे.”

पोह्यात लिंबू

बास. बॉसने आता लिंक मागितली.

हडसनपारचा

अमेरिकेतून. आईचं सातारच्या बँकेतलं खातं माझ्या जुन्या भारतीय नंबरला जोडलंय. तिथे सकाळचे अकरा म्हणजे हिवाळ्यात इथे रात्रीचे साडेबारा. फोन आला. “अरे, ओटीपी आलाय बघ.” अंधारात चष्मा शोधला, फोन डोळ्यांजवळ धरला. “घे, चार, सात...”

“झोपला होतास का रे?”

“आई, रात्र आहे इथे. चार, सात, एक...”

“आवाज बसल्यासारखा येतोय. थंडी फार आहे का? सुंठ संपली असेल ना?”

मागून बँकेतल्या बाईंचा आवाज, “काकू, आधी आकडे घ्या!” आई त्यांनाच म्हणाली, “थांबा हो जरा, मुलगा आजारी आहे.” ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. तो येईपर्यंत बँकेतल्या त्या बाईंनाही माझी नोकरी, पगार आणि लग्नाचं कुठवर आलंय हे सगळं कळलं होतं.

सायलीची आई

आमच्याकडे उलटं. माझ्या वडिलांनी ओटीपी मला सांगायला साफ नकार दिला. “मेसेजात लिहिलंय, कोणालाही सांगू नका.” बाबा, मी मुलगी आहे तुमची. “कोणालाही म्हणजे कोणालाही.” त्यांचाच गॅस बुक करत होते मी. दोन दिवस आईने इंडक्शनवर स्वयंपाक केला.

चांदणी चौक

लिहू की नको असं झालं होतं, कारण हा हसण्याचा प्रसंग नव्हता. बाबा गेल्यानंतर आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचं काम. बाबांच्या सेवापुस्तकात पत्नीचं नाव ‘सुमन’, आईच्या आधारवर ‘सुमती’. बाबा तिला सुमन म्हणायचे, म्हणून त्यांनी तेच लिहिलं असावं. टेबलावर बाबांच्या मृत्यूचा दाखला, अर्जावर आईची सही, सगळं समोर. समोरचे गृहस्थ कागदातून मान वर न करता म्हणाले, “हा बदल कर्मचाऱ्याने स्वतः अर्ज केल्याशिवाय होत नाही. साहेबांना एकदा पाठवून द्या.”

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आई मात्र शांतपणे म्हणाली, “ते आले असते तर मला पेन्शन कशाला लागली असती?”

तेव्हा त्यांनी मान वर केली. खुर्ची दिली, पाणी मागवलं, कुठले कागद जोडायचे ते स्वतः लिहून दिलं. तरी काम व्हायला पावसाळा उजाडला. मला अजून त्या माणसाचा राग येतो, आईला येत नाही.

कट्टेकरी (धागाकर्ता)

चांदणी चौक, लिहिलंत ते बरं केलंत. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

निवृत्त लेखनिक

सगळे काउंटरच्या त्या बाजूने लिहितायत, मी या बाजूचा. बँकेत सह्या पडताळायचं काम माझ्याकडे असे. आमचे एक खातेदार प्राध्यापक होते. खातं उघडलं १९७८ मध्ये, तेव्हाची सही झोकदार, खाली दोन टिंबं. पुढे उत्तरपत्रिका तपासून तपासून सहीची नुसती रेघ झाली. एकदा मोठ्या रकमेचा चेक घेऊन आले, मुलीचं लग्न होतं. माणूस रोजच्या ओळखीचा, पण रेघेवर एवढे पैसे मी देऊ कसे? आत गेलो, नमुना सहीचं जुनं कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं. सर बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिले. “काय सुंदर सही होती हो माझी!”

मग कोऱ्या कागदावर सराव सुरू झाला. एखादं टिंब राहायचं, कधी झोक उलटा जायचा. रांगेतले लोकही कठड्यावरून वाकून सूचना देऊ लागले, “सर, शेपूट अजून खाली घ्या.” शेवटी चहा मागवला, लग्न कुठल्या कार्यालयात, मुलगा काय करतो, अशा गप्पा काढल्या आणि बोलता बोलता हळूच नवा चेक पुढे सरकवला. सरांनी समोरच्या कार्डावर नजर ठेवून एका झोकात सही ठोकली. दोन्ही टिंबांसकट हुबेहूब! रांगेतून टाळ्या पडल्या.

चेक हातात घेऊन शिक्का उचलला आणि पाहिलं, तर सरांनी तारीखही कार्डावरचीच घातली होती, १९७८ ची.