अडीच हजार घेणारे सगळे फुकटे का?

घरकोंबडी :

आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा जुनीच बातमी पुन्हा फिरली. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिन्याला 1500 ऐवजी 2500 रुपये. खाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, 'घ्या, फुकट्यांचा पगार वाढला.' सात जणांनी हसरे चेहरे टाकले. त्यातल्या दोघांच्या घरी माझे मोदक जातात दर गणपतीत.

माझा धाकटा भाऊ 44 वर्षांचा आहे. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नाही. विक्रोळीला कन्नमवार नगरात तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई 2011 साली गेली, तेव्हा मी नोकरी सोडली. आता साड्यांना फॉल-बिडिंग करते, तेही तो झोपला की.

हिशेब सांगते. दिवसाला तीन डायपर, एक साधारण 40 रुपयांना. महिन्याचे झाले 3600. म्हणजे हा 'पगार' वीस तारखेला संपतो, तोही नुसत्या डायपरमध्ये. औषधं, फिजिओ, खाली उतरवायला नाक्यावरची दोन पोरं (एका फेरीचे 300) हे वेगळंच.

कागदपत्रांचा छळ तर विचारू नका. त्याची मूठ उघडत नाही. अंगठा घ्यायचा म्हणजे मी एकेक बोट सोडवते, मशीनवर टेकवेपर्यंत ते परत मिटतं. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, त्यांना जरा रिलॅक्स व्हायला सांगा." 44 वर्षं तेच सांगतोय आम्ही!

आता खरं सांगते, मग हवं ते बोला. या योजनेत दिव्यांगाच्या कुटुंबाला वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 आहे. महिन्याला 4166 रुपये. मुंबईत. माझे फॉल-बिडिंगचेच सहा-साडेसहा हजार होतात. दाखल्याच्या वेळी बाहेर बसलेला एजंट म्हणाला, "ताई, 48 टाकतो." मी म्हटलं, टाका. म्हणजे मी खोटं बोलले. त्याच फॉर्मवर माझ्या व्यवसायाच्या रकान्यात त्याने 'काही नाही' लिहिलं. ते खोटं मात्र कुणाला खटकलं नाही.

तर मी फुकटी का?

माजी अव्वल कारकून :

ताई, तुमच्या कष्टाबद्दल आदर आहे. पण महसूल खात्यात 31 वर्षं काढली, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आमच्या टेबलाला एक गृहस्थ यायचे, दोन्ही कानांनी ठार बहिरे असल्याचं प्रमाणपत्र घेऊन. एकदा खिशातला मोबाइल वाजला. काढला आणि म्हणाले, "हां, बोल." सगळं ऑफिस हसलं. अशी माणसं रोज नसतात, पण असतात. दिव्यांगाच्या नावाचा स्टॉल आणि गल्ल्यावर दुसराच, हे मुंबईत कुणी पाहिलं नाही? 2024 मध्ये यूपीएससीने एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याची निवड रद्द केली, त्या प्रकरणात अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांवरही प्रश्न उठलेच होते. मग तपासणी कडक झाली की खऱ्याला त्रास होतो, हे मान्य. पण तो त्रास खोट्यांनी आणलाय, खात्याने नाही.

आणि राग मानू नका, 48,000 चा दाखला तुम्हीच घेतलात. उद्या चौकशी झाली तर कारकून तुमच्या भावाची मूठ उघडते की नाही ते बघणार नाही, दाखला बघेल. मर्यादा चुकीची असेल तर ती बदलून घ्या. प्रत्येकाने आपापल्या अडचणीपुरतं खोटं लिहायचं ठरवलं तर खरा कोण हे ठरवणार कसं?

करदाता_42 :

काकांशी सहमत. पैसा झाडाला लागत नाही, आमच्या पगारातून कापला जातो. भाऊ घरचा, तर जबाबदारीही घरची. माझ्या आजीला आईने नऊ वर्षं अंथरुणात सांभाळलं. कधी कुणाकडे भत्ता मागितला नाही.

चारकोपकर :

नऊ वर्षांत आईला काय काय हवं होतं, ते तिला कधी विचारलं का?

तीन पायांचा :

मला लहानपणी पोलिओ झाला. 55 टक्के अपंगत्व. कुबडी धरून तीन पाय, म्हणून हे नाव. आयटीत आहे, बरा पगार आहे.

करदाता, तुम्हाला एक गंमत सांगतो. जुनी करप्रणाली घेतली तर अपंगत्वासाठी मला 75,000 रुपयांची वजावट मिळते. 80 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सव्वा लाख. माझ्या स्लॅबला त्यातून वर्षाला 20,000 च्या वर कर वाचतो. तोही तुमच्याच तिजोरीतला ना? मला आजवर कुणी फुकट्या म्हटलं नाही. उलट सीए म्हणतो, "सर, क्लेम करायला विसरू नका." ताईंच्या भावाला वर्षाचे 30,000 मिळतात तर तो मात्र समाजावर भार. फरक अपंगत्वाचा नाहीये, इस्त्रीच्या शर्टाचा आहे.

आणखी एक. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, लागू झाला एप्रिल 2017 मध्ये. त्याच्या कलम 24 मध्ये लिहिलंय की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान 25 टक्के जास्त रक्कम द्यावी. तरी 2025 पर्यंत निराधार दिव्यांगाला इतरांएवढेच 1500 मिळत होते. म्हणजे ही वाढ ओवाळणी नव्हे, उशिरा दिलेली बाकी आहे. बच्चू कडूंनी जून 2025 मध्ये मोझरीला उपोषण केलं तेव्हा मागणी 6000 ची होती.

पण ताई, तुमच्याशीही एक भांडण आहे. डायपर, मूठ, उचलून नेणारी पोरं असं सगळं मांडलं की लोक हळहळतात. मला ती हळहळ नको असते. माझ्याकडे बघून लोक 'अरेरे' करतात आणि मग रॅम्प मागितला की 'किती कटकट' म्हणतात. दोन्ही तीच माणसं असतात.

घरकोंबडी :

@तीन पायांचा : तुम्ही रॅम्प मागू शकता. माझा भाऊ पाणीसुद्धा मागू शकत नाही, मला ओळखावं लागतं. डायपरचा हिशेब न सांगता त्याच्याबद्दल काय सांगू? तुमची भाषा तुम्हाला शोभते. आमच्या घरात अजून 'अरेरे' वरच औषधं उधार मिळतात.

संध्याकाळची लोकल :

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, मज्जासंस्थेचा आजार. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, त्यात आमचा समावेश झाला. कायद्याला कळलं, पण डब्यातल्या लोकांना अजून कळायचंय.

सकाळी मी धडधडीत चालत स्टेशनवर येते. संध्याकाळी पाय ओढत. दिव्यांगांच्या डब्यात सकाळी चढले की नजरा सुरू. "मॅडम, हा हँडिकॅपचा डबा आहे." कार्ड दाखवलं की एक आजोबा ते उलटसुलट करून बघतात, जसं काही मीच टीसीला फसवून आले. दाराशी चार धट्टीकट्टी पोरं रेलून उभी असतात, त्यांना कुणी काही विचारत नाही. बाईमाणूस आहे, एकटी आहे, हिला विचारा. एकदा तर मी मुद्दाम लंगडत चढले. तिसरं स्टेशन येईपर्यंत मलाच लाज वाटली.

काका, तुमचा मोबाइलवाला बहिरा मला रोज भेटतो. म्हणजे तो किस्सा भेटतो. प्रत्येकाकडे असा एक असतो आणि तो ऐकून लोक माझ्याकडे बघतात.

माजी अव्वल कारकून :

हे शेवटचं लागलं. किस्सा मी अनेकदा सांगितलाय, लग्नाकार्यातसुद्धा.

लेस्टरची काकू :

मूळची गिरगावची, 19 वर्षं इथे. तिकडच्यांना वाटतं इंग्लंडात सगळं आलबेल. इथे आठवड्याला किमान 35 तास सांभाळणाऱ्याला केअरर्स अलाउन्स मिळतो खरा. पण कमाईची मर्यादा एका पौंडाने जरी ओलांडली तरी त्या आठवड्याचा अख्खा भत्ता जातो. खात्याकडे कमाईची माहिती येत होती, तरी अनेकांना वेळेवर सांगितलं नाही. आणि मग एकदम हजारो पौंडांची वसुली! 2024 मध्ये पेपरांनी ते लावून धरलं. 2025 मध्ये सरकार अपंगत्वाच्या भत्त्याचे निकष कडक करायला निघालं, स्वतःच्याच खासदारांनी बंड केल्यावर जुलैत ते मागे घ्यावं लागलं. माझी शेजारीण व्हीलचेअरवर आहे. बागेत फुलं लावताना कुणी फोटो काढून 'ही खोटी' अशी तक्रार करेल या भीतीने ती पडदे ओढून बसायची.

केरळात 'आश्वासकिरणम्' म्हणून योजना आहे ना, घरी सांभाळणाऱ्याला महिन्याला 600 रुपये? रक्कम चिल्लर आहे, पण निदान त्या बाईचं काम कागदावर तरी आलं.

करदाता_42 :

भावना बाजूला ठेवून आकडा बघू. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांग साधारण 29 लाख 60 हजार. सगळ्यांना महिना 2500 दिले तर वर्षाला 8880 कोटी. मर्यादा उठवा म्हणणं सोपं आहे. कोण भरणार?

तीन पायांचा :

सगळ्यांना द्या असं कोण म्हणालं? मला देऊ नका, माझा पगार बरा आहे हे वर सांगितलंच. पण लाडकी बहीण योजनेला कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि निराधार दिव्यांगाला 50,000. एकच राज्य, एकच तिजोरी. हा पाचपट फरक कुठल्या हिशेबाने आला, ते तुमच्या कॅल्क्युलेटरवर काढून दाखवा. केंद्राची दिव्यांग पेन्शन तर 80 टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर 300 रुपये. तीनशे! ताईंच्या भावाला एकदा जिन्यावरून उतरवायचे.

माजी अव्वल कारकून :

मर्यादेबद्दल बोलतो, कारण ते मी आतून पाहिलंय. आम्हाला माहीत असायचं. मुंबईत 50,000 च्या आत कुणाचंच घर चालत नाही, हे दाखल्यावर सही करणाऱ्यालाही माहीत असतं. आकडा बघितला की कळतं, 45 ते 49 च्या मधलाच असणार. आम्ही ते चालवून घ्यायचो, दया म्हणून. पण अशा दयेवर मिळालेली गोष्ट कुणीही कधीही काढून घेऊ शकतं. साहेब बदलला की संपलं. खोटा दाखला चुकीचाच, त्यावर मी ठाम आहे. मात्र तो एकट्या ताईंचा नव्हता, त्यावर आमचेही शिक्के होते.

ताई, अंगठ्याचं एक सांगतो. डोळ्यांच्या स्कॅनवर होतं. ते मशीन मागा, आणि सकाळी उघडल्या उघडल्या जा.

घरकोंबडी :

मागितलं होतं काका. चार्जिंग नव्हतं. खाली टॅक्सी वेटिंगवर, पोरं घड्याळ बघतायत, भाऊ बाकावरून घसरतोय. परत घरी आणला.

बाकी 'एकट्या ताईंचा नव्हता' हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या ग्रुपवर टाकू का?

माजी अव्वल कारकून :

नाव न घेता टाका.

चारकोपकर :

अवांतर : ताई, डायपर नाक्यावरच्या मेडिकलमधून घेऊ नका. प्रिन्सेस स्ट्रीटला घाऊकमध्ये खोका घेतला तर बराच फरक पडतो. वडिलांसाठी मी तिथूनच आणतो. साइज एम असेल तर पुढच्या शनिवारी तुमचाही आणू शकेन, विक्रोळी स्टेशनपर्यंत.

घरकोंबडी :

एल.