दारातल्या त्या दोन पोरांना आत घ्यायचं की नाही?

अबोली (मिनिआपोलिस)

परवा याच मंचावर रोखठोक यांनी लिहिलं: "नाताळ जवळ आला की टायवाले मॉर्मन दारात येतात. बेल वाजली की सरळ दिवे मालवा. पगारी एजंट आहेत, चर्चच्या पैशावर जग फिरतात, आणि या दिवसांत माणसं हळवी झालेली असतात म्हणून नेमकी तेव्हाच गाठतात." त्यावर वीसेक जणांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

मॉर्मन म्हणजे युटातल्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक. त्यांची तरुण पोरं घरोघर धर्मप्रचाराला जातात, त्याला 'मिशन' म्हणतात. पगाराचं आधी. या पोरांना एक डॉलर मिळत नाही. उलट घरचेच दरमहा पैसे भरतात. अमेरिकेतल्या मुलांसाठी आधी 400 डॉलर होते, 2020 च्या जुलैपासून 500. मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष. कुठे जायचं ते चर्च ठरवतं, आणि एकदा तिथे पोचलं की नेमून दिलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं नाही. म्हणे जग फिरतात! सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, अभ्यास, मग दिवसभर दारं वाजवायची, रात्री नऊ-साडेनऊला खोलीवर, साडेदहाला दिवे बंद. सिनेमा नाही, मैत्रीण नाही, सोबत्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. आठवड्यातला एक दिवस मोकळा, बहुतेक सोमवार. त्यात कपडे धुवा, वाणसामान आणा, केस कापा, घरी फोन करा.

दोन वर्षांपूर्वी 24 डिसेंबरला दुपारी चारच्या सुमाराला बेल वाजली. बाहेर उणे 19. दारात दोघं, एक आयडाहोचा, एक पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरचा. छातीवर काळा बिल्ला, त्यावर 'एल्डर' आणि आडनाव. धड मिसरूड न फुटलेल्या पोराला 'वडीलधारा' म्हणायचं! मी म्हटलं, आत या, थंडी आहे. तर म्हणाले, घरात कुणी पुरुष आहे का? नवरा ऑफिसात होता. मग आम्हाला आत येता येणार नाही, तसा नियम आहे. पण तुमचा बर्फ काढून देऊ का?

नगरपालिकेचा नांगर येऊन गेला की ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर बांध साचतो, तो इथल्यांना माहीत आहे. टोंगाच्या मुलाने बर्फ पहिल्यांदा पाहिला होता त्याच नोव्हेंबरात. फावडं कुदळीसारखं धरून वरून घाव घालत होता. नवरा येईपर्यंत दोघांनी सगळा रस्ता मोकळा केला. आत आले तेव्हा बुटांच्या नाड्या गोठून काडीसारख्या ताठ झाल्या होत्या, सुटेचनात. मी केस वाळवायचा ड्रायर आणला, नवऱ्याने खाली बसून एकेक गाठ सोडवली.

चहा टाकला होता, आलं घालून. दोघांनी हात जोडून नको म्हटलं. त्यांना चहा-कॉफी वर्ज्य. खिडकीत गवती चहाची कुंडी आहे, तो गूळ घालून उकळला. टोंगाच्या मुलाने आधी पात वास घेऊन पाहिली. म्हणाला, माझी आई घरी हेच उकळते. मग विचारलं, तुमच्या वायफायवरून तिला फोन लावू का? आमच्याकडे संध्याकाळचे पाच, त्यांच्याकडे 25 तारखेच्या दुपारचे बारा. पडद्यावर आई आली, तिच्यामागे सगळं घर. ती त्याला तिच्या भाषेत एकच शब्द परत परत म्हणत होती. मला अर्थ कळला नाही, विचारायची गरजही वाटली नाही.

मी त्यांचं धर्मपुस्तक घेतलं नाही, प्रार्थनेला बसले नाही. माझे गणपती माझ्या देव्हाऱ्यात आहेत. पण कुणाच्या तरी लेकराला बर्फात उभं ठेवून दिवे मालवा म्हणणं मला पटत नाही, पटणार नाही.

रोखठोक (शिकागोजवळ)

पगाराबद्दल मी चुकलो. मागे घेतो.

पण त्याने तुमची बाजू बळकट होत नाही, माझी होते. 2023 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, या चर्चला आणि त्याच्या गुंतवणूक संस्थेला मिळून 50 लाख डॉलर दंड केला. कशासाठी? शेअरबाजारातल्या गुंतवणुकीचा खरा आकार कागदी कंपन्यांमागे लपवला म्हणून. अब्जावधी डॉलर राखून असलेली संस्था एकोणीस वर्षांच्या पोराच्या आईबापांकडून महिन्याला पाचशे घेते आणि त्याला चामडी बुटात बर्फात पाठवते. याचा राग तुम्हाला का येत नाही?

शिवाय 1978 पर्यंत या चर्चमध्ये काळ्या पुरुषांना पुरोहितपद नव्हतं. हे त्या गोड पोरांनी सांगितलं का? बर्फ काढून देणं ही पहिली पायरी असते, ताई. दुसऱ्या पायरीवर ते बरोबर पुस्तक आणतात.

नागोयाहून

जपानात 25 डिसेंबरला सुट्टी नसते. मी कामावर जात होतो, आणि ही पोरं हेल्मेट घालून सायकलवर. संध्याकाळी सगळं शहर केएफसीच्या रांगेत आणि क्रीमच्या केकच्या खोक्यात. स्टेशनाबाहेर हे सहा-सात जण नाताळची गाणी म्हणत उभे. ऐकायला फार कुणी थांबत नव्हतं. आठवडाभर फुकट इंग्रजी शिकवायचे, आमच्या शेजारचे आजोबा नियमाने जात. आजोबा शेवटपर्यंत बौद्धच राहिले, इंग्रजी मात्र सुधारलं. रोखठोक म्हणतात ती दुसरी पायरी कित्येकदा येतच नाही.

लेहीकर (युटा)

चौदा वर्षं मी या लोकांच्यात राहतो. अबोलीताई, तुम्ही एक संध्याकाळ पाहिलीत. मी आमच्या शेजारणीचे दोन नाताळ पाहिले.

थोरला मुलगा मिशनवर गेला तेव्हा आठवड्याला एक ईमेल, आणि फोन वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मदर्स डे. दर आठवड्याला फोनची परवानगी 2019 च्या फेब्रुवारीत आली. त्या आधीचा तो नाताळ. फोन दुपारी दोनला येणार होता. ती बाई सकाळपासून ओट्याशी काही ना काही पुसत होती. ओटा लखलखीत होता, तरी पुसत होती. सव्वादोन झाले, अडीच झाले. आम्ही फराळाचं ताट द्यायला गेलो होतो, आमचा पाय निघेना. पावणेतीनला फोन आला.

धाकटा सात महिन्यांत परत आला. झोप उडाली होती, छातीत धडधड. पूर्ण न करता परत आलेल्या मुलाकडे इथे कसं बघतात, ते दारात चहा पाजणाऱ्यांना दिसत नाही. कुणी वाईट बोलत नाही. कुणी काहीच बोलत नाही. पोरगा त्या नाताळात गराजमध्ये बसून राहिला. म्हणून सांगतो, पोरांना ऊब जरूर द्या, पण त्यांचा दिनक्रम असा गौरवून सांगू नका.

अबोली

गौरव नाही केला हो. पण तुमच्या शेजारणीच्या धाकट्याचं वाचून घशाशी आलं. 'साडेसहाला उठायचं' हे मी कौतुकाने लिहिलं होतं, आता तसं वाटत नाही.

तुळशीवृंदावन (न्यू जर्सी)

चहा, बर्फ, फोन सगळं ठीक. मूळ दुखण्यावर कुणी बोलतच नाही. आमच्याकडे दोन मुली येत. गोड होत्या, सांताक्लॉजचे कागदी दिवे मुलांना करून दिले. तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, नाताळ म्हणजे कुटुंबाचा सण, तुमच्या पूर्वजांची झाडासारखी वंशावळ काढून देऊ का? फुकट आहे. मी सासऱ्यांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, सगळं सांगितलं. नंतर कळलं, हे लोक मेलेल्या माणसांचा बाप्तिस्मा करतात. जिवंत माणूस त्यांच्या नावाने पाण्यात बुडी मारतो.

माझे सासरे माळकरी होते. पस्तीस वाऱ्या केल्या. पितरांना पाणी द्यायचा हक्क त्यांच्या मुलाचा. कुठल्या तिऱ्हाइताने त्यांच्या नावावर पाणी घ्यायचं? मला रात्र रात्र झोप लागली नव्हती.

लेहीकर

ताई, थोडं शांतपणे ऐका. एक, हा विधी फक्त टेम्पलमध्ये, म्हणजे त्यांच्या खास मंदिरात होतो, त्या मुलींच्या हातात काही नसतं. दोन, नियमाने फक्त आपल्या स्वतःच्या नात्यातल्या मृतांची नावं द्यायची असतात. तीन, त्यांच्या श्रद्धेनुसार त्या आत्म्याला नाही म्हणायची मुभा असते.

तुळशीवृंदावन

नियम? होलोकॉस्टमध्ये मारलेल्या ज्यूंची नावं घेणार नाही असं 1995 साली ज्यू संघटनांना कबूल केलं, आणि 2012 साली नाझी गुन्हेगारांना हुडकून काढणाऱ्या सायमन विझेंथाल यांच्या आईवडिलांचा बाप्तिस्मा झाल्याचं उघड झालं. जिथे करार होता तिथे ही गत, तर माझ्या सासऱ्यांना कोण विचारतो? आणि आत्म्याने नाही म्हणायचं म्हणजे मेल्यावरही माझ्या सासऱ्यांनी दाराशी उभं राहून नकोच म्हणत बसायचं का? तुम्ही चर्चचे वकील आहात का हो?

लेहीकर

2012 चं खरं आहे. चर्चने माफी मागितली होती. वकील मी कुणाचाच नाही. शेजारणीच्या मुलांबद्दलचा माझा वरचा प्रतिसाद वाचला असता तर हा शब्द वापरला नसता.

रोखठोक

बघा, मी म्हणत होतो! आणि हे फक्त न्यू जर्सीपुरतं नाही. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म याच लोकांच्या युटातल्या वंशावळ संस्थेने काढली आहे, 1970 च्या दशकापासून. आपल्या बापजाद्यांची नावं कुठल्या डोंगरात जाऊन पडली आहेत, देव जाणे.

लेहीकर

डोंगर माहीत आहे. सॉल्ट लेकबाहेर लिटल कॉटनवूडच्या घळीत, ग्रॅनाइटमध्ये खोदलेलं कोठार. जगभरच्या नोंदींच्या फिल्म तिथे ठेवतात. पण नोंद जपणं आणि त्या नावाने विधी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ करून भीती पसरवू नका.

तुळशीवृंदावन

भीती? माझ्या घरातलं नाव आहे ते. तुमच्या वडिलांचं असतं तर असंच बोलला असतात?

लेहीकर

माझ्या वडिलांचं नाव मीच त्यांच्या वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकलं आहे. पंढरपूरच्या आजोबांच्या मागची पिढी मला माहीतच नव्हती. आवाज चढवू नका.

गोदाकाठ (नाशिक)

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. आमच्या घरात क्षेत्रोपाध्येपण पिढ्यान्‌पिढ्या आहे. लाल बासनात बांधलेल्या चोपड्या, जुन्या मोडीत. यजमानाने आडनाव आणि गाव सांगितलं की पान निघतं. पणजोबा कधी आले, बरोबर कोण होतं, सही. कुणाची सही थरथरती, कुणाचा नुसता अंगठा. लोक ती सही बोटाने चाचपतात. डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या, दर आठवड्याला बघतो.

आमचा नेम आहे, एकाची चोपडी दुसऱ्याला दाखवायची नाही. त्यामुळे तुळशीवृंदावन यांचा राग मला शब्दन्‌शब्द कळतो. पण एक सांगतो. गोदावरीच्या पुरात आमची दोन बासनं भिजली. पानं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. वडिलांनी ती उन्हात वाळत घातली आणि तिथेच बसून राहिले. त्या दिवशी कुणी फिल्म काढून ठेवलेली असती, कुठल्याही डोंगरात का असेना, तर मी त्याचे पाय धरले असते.

तुळशीवृंदावन

...

तुमचं वडिलांचं वाचलं. माझा राग गेलेला नाही. पण हे मला सुचलं नव्हतं.

शुद्धलेखन_पुणे

सगळे 'मॉर्मन' लिहिताहेत. 2018 साली चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हे टोपणनाव वापरू नका असं सांगितलं होतं. पूर्ण नाव 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांना नीट नावाने हाक मारावी.

रोखठोक

अहो, इथे पितरांवर चर्चा चालली आहे आणि तुम्ही नावाचं काय घेऊन बसलात?

शुद्धलेखन_पुणे

पितरांवरची चर्चाही नावाचीच आहे.

रोखठोक

आज पावणेपाचला बेल वाजली. काळोख पडलेला. दिवे चालूच होते, मालवायला उठलो नाही. या वेळी दोघी मुली, वीसेक वर्षांच्या. एकीच्या हातात मोजे नव्हते, हात बगलेत खुपसून उभी. बायको घरात होती, ती म्हणाली आत या. मी म्हटलं, पुस्तक नको, प्रार्थना नको, आणि माझ्या घरातलं कुठलंही नाव लिहून घ्यायचं नाही. एक जण म्हणाली, चालेल, थोडा वेळ नुसत्या बसू का. बसल्या. बायकोने तिचे लोकरी हातमोजे दिले.

आजचा तिचा सतरावा दरवाजा होता म्हणाली. उघडणारे आम्ही दुसरे.

माझी मतं तीच आहेत. दंडाबद्दल, 1978 बद्दल, एक शब्द मागे घेत नाही. दिव्यांचं तेवढं परवा लिहायला नको होतं.

अबोली

गवती चहा होता का घरात?

रोखठोक

नव्हता. कोको दिला.

तुळशीवृंदावन

गोदाकाठ, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, सासऱ्यांचं आडनाव आणि गाव. वाई तालुका. पान सापडलं तर फोटो काढून पाठवू नका. जानेवारीत येते आहे, समोर बसून बघेन.