राजपूत वर्गाच्या विनाशिकांचे सुटे भाग कोठून येत असत?

निळीरेघ:
आयएनएस राजपूत ही या वर्गातली, म्हणजे एकाच आराखड्याच्या नौकांच्या गटातली, युद्धनौका ४ मे १९८० रोजी नौदलात आली आणि २१ मे २०२१ रोजी विशाखापट्टणमला निवृत्त झाली. ती बांधणारा सोव्हिएत संघ मात्र १९९१ मध्येच लयाला गेला. मग उरलेली तीस वर्षे या वर्गाला सुटे भाग कोणी पुरवले? जाणकारांनी वर्गाची पार्श्वभूमीही सांगावी, ही विनंती.

गलबत:
राजपूत, राणा, रणजित, रणवीर आणि रणविजय या पाचही नौका काळ्या समुद्राजवळच्या निकोलायेव शहरातील '६१ कम्युनार्ड्स' गोदीत बांधल्या गेल्या. हे शहर आज मिकोलायव म्हणून युक्रेनमध्ये आहे. मूळ आराखडा 'प्रकल्प ६१'चा, म्हणजे नाटोच्या भाषेत काशिन. निव्वळ गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या मोठ्या युद्धनौकांमध्ये तो जगात अगदी आरंभीचा होता आणि टर्बाइनच्या सुरामुळे त्या नौकांना 'गाणाऱ्या फ्रिगेट' हे नाव पडले. भारतासाठी मागची तोफ काढून तेथे हेलिकॉप्टरची सोय केली गेली.
तुमच्या प्रश्नाचे मूळ भूगोलात आहे. संघ फुटला तेव्हा ही गोदी आणि मिकोलायवमधलाच 'झोर्या' हा टर्बाइन कारखाना युक्रेनकडे राहिला, तर शस्त्रास्त्रांचे बहुतेक कारखाने रशियाकडे गेले. त्यामुळे एकाच जहाजाची मागणी दोन देशांच्या दारी न्यावी लागू लागली.

जुना फिटर:
मी गोदीतून निवृत्त झालो आहे, म्हणून हाताखालून गेलेलेच सांगतो. सोव्हिएत पेटी उघडली की मेणकागदात गुंडाळलेला, घट्ट ग्रीस माखलेला भाग निघे आणि त्यासोबत रशियन भाषेतले एक छोटे पुस्तक असे, ज्याला आम्ही 'पासपोर्ट' म्हणत असू. ते हरवले की भाग हातात असूनही त्याचे वय आणि जागा ठरवता येत नसे. एकदा एका पुरवठादाराकडून आलेले रबरी वळे मापात बरोबर होते, पण गरम तेलात दोन दिवसांत फुगले. रबराचा प्रकार आरेखनावर लिहिलेला होता, परंतु तो कोणी वाचलाच नव्हता. माझ्या मते खरी टंचाई लोखंडाची नव्हती, ती आरेखने वाचणाऱ्यांची होती. टर्बाइनच्या दुरुस्तीसाठी विशाखापट्टणमला आयएनएस एक्सिला हे केंद्र उभे राहिले, तेव्हा मोठा आधार मिळाला.

माझगावचा:
हा धागा मुंबईपर्यंत येतो. माझगाव गोदीत बांधलेल्या आयएनएस दिल्लीचे जलावतरण फेब्रुवारी १९९१ मध्ये झाले, पण सोव्हिएत विघटनामुळे सामग्रीचा पुरवठा विस्कळीत झाला आणि ती सेवेत आली नोव्हेंबर १९९७ मध्ये. दिल्ली, म्हैसूर आणि मुंबई या तिन्ही नौकांच्या टर्बाइनही झोर्याच्याच आहेत. म्हणून २०२२ मध्ये मिकोलायववर तोफगोळे पडू लागले, तेव्हा आमच्या भागातल्या अनेक जुन्या कामगारांनी ती बातमी घरच्या बातमीसारखी ऐकली.

निळीरेघ:
मनापासून आभार. रणजित २०१९ मध्ये आणि राजपूत २०२१ मध्ये निवृत्त झाल्या. त्यांतले भाग उरलेल्या नौकांना लावता येतात का?

जुना फिटर:
बहिणी एकाच आराखड्याच्या असल्याने पुष्कळसे लावता येतात. पंप, झडपा, हातचाके हे निर्धास्तपणे बसतात. मात्र रणवीर आणि रणविजय नंतरच्या असल्याने त्यांच्यात काही बदल आहेत, तेव्हा भाग काढण्याआधी दोन्ही जहाजांचे पासपोर्ट शेजारी ठेवून क्रमांक जुळवावा.