प्राण्यांना 'अहंकार' नसतो, की 'अहं' नसतो?

खडीसाखर:
पाळीव कुत्र्यांवरचा एक इंग्रजी लेख मराठीत आणते आहे. सुरुवातीलाच वाक्य येतं, की कुत्र्याला इगो नसतो, म्हणून रागावलं तरी पाच मिनिटांत तो पायाशी येऊन बसतो. मी सरळ 'अहंकार नसतो' असं लिहून पुढे गेले. दोन परिच्छेदांनंतर तोच शब्द मनोविश्लेषक फ्रॉइडच्या अर्थाने आला: स्वतःला 'मी' म्हणून ओळखणारं काही कुत्र्याच्या मनात असतं का? तिथे 'अहंकार' घातला, तर कुत्रा गर्विष्ठ आहे का यावर शास्त्रज्ञ वाद घालताहेत असं वाटतं. दोन्ही जागी चालेल असा एकच शब्द आहे का? त्यात काल सासऱ्यांना पहिलं वाक्य वाचून दाखवलं, तर म्हणाले, "हे लिहिणाऱ्यानं बैल पाळलेला नाही."

उंबरठा:
'इगो'च ठेवा. 'त्याचा इगो दुखावला' हे आता घराघरांत बोललं जातं.

पानगळ:
हातात नेमका शब्द असताना उसना का घ्यायचा? सांख्य दर्शनाच्या मांडणीत प्रकृतीपासून बुद्धी, बुद्धीपासून अहंकार आणि अहंकारापासून मन, इंद्रियं, तन्मात्रा (शब्द, स्पर्श वगैरे सूक्ष्म तत्त्वं) असा क्रम आहे. तिथे अहंकार म्हणजे गर्व नव्हे, 'हे मी, हे माझं' असं ठरवणारं तत्त्व. खडीसाखर यांना दुसऱ्या जागी हवा आहे तो अर्थ हाच. आपण वापरून वापरून त्याचा ताठा केला. तळटीप द्या आणि मूळ अर्थाने वापरा.

उंबरठा:
पानगळ, तळटिपेने शब्द मागे फिरत नाही. 'अस्मिता' बघा. पतंजलींनी योगसूत्रांत पाच क्लेश, म्हणजे मनाला पीडणारे दोष, सांगितले, त्यात अविद्येच्या खालोखाल अस्मिता आहे. आज आपण 'मराठी अस्मिता' छाती पुढे काढून म्हणतो. तिथे कुणाला योगसूत्रं ऐकवणार?

राईनकाठ:
मी अठरा वर्षं जर्मनीत आहे, म्हणून या वादात एक गोष्ट घालावीशी वाटते. फ्रॉइडने 'इगो' लिहिलंच नव्हतं. त्याच्या १९२३ च्या पुस्तकाचं नाव 'दास इश उंट दास एस', म्हणजे शब्दशः 'मी आणि ते'. 'इश' हा इथलं बालवाडीतलं पोरही दिवसातून शंभरदा म्हणतं असा शब्द. इंग्रजी भाषांतरात त्याच्या जागी लॅटिन 'इगो' आला आणि घरचा शब्द दवाखान्यातला झाला. तेव्हा दुसऱ्या जागी 'मीपण' लिहा. 'मीपणा' नव्हे, काना नको. शहाणपण आणि शहाणपणा यांत जो फरक आहे, तोच इथे आहे.

खडीसाखर:
हे फार आवडलं. एका कान्याने काम होत असेल तर बरंच आहे.

पानगळ:
नाही होत. 'मोठेपणा' घ्या. 'हा तुमचा मोठेपणा' यात दोष कुठे आहे? आणि संतांच्या वाणीत टाकून द्यायचं असतं ते मीपणच. वारकरी घरातला वाचक तुमचा काना मोजत बसणार नाही.

माळरान:
तुमचे सासरे बरोबर बोलले ताई. आमचं गाव माणदेशातलं, घरी खिल्लारी जोड होती. एका बेंदराला वडलांनी थोरल्याच्या आधी धाकट्याच्या शिंगांना हिंगूळ लावला. एवढंच झालं. थोरल्यानं पुरणपोळीला तोंड लावलं नाही, दिवसभर मान फिरवून उभा. वडील त्याला 'मानी' म्हणायचे. दुसरा एक बैल 'मारका' होता, एक 'माजलेला' होता. पण 'अहंकारी बैल' असं मी उभ्या जन्मात ऐकलं नाही.
आणि बघा, माणसाच्या गर्वाला आपण जे शब्द वापरतो ते आले कुठून? माज. गाय माजावर येते, मग माणसाला माज चढतो. मद. हत्तीच्या गंडस्थळातून पाझरतो तो मद, मग सत्तेचा मद. मस्ती, तीही हत्तीची. हे सगळे शब्द जनावराच्या अंगातले आहेत, रक्तातले आहेत. ऋतू सरला की उतरतात. अहंकार उतरत नाही, तो 'मी' म्हणता आल्यावर येतो. म्हणून माझं म्हणणं, जनावराला माज असतो, मान असतो, अहंकार नसतो. तुमचं पहिलं वाक्य आहे तसं राहू द्या.

पानगळ:
माळरान, तुमच्या बाजूने खुद्द ज्ञानेश्वरीच उभी आहे, तेराव्या अध्यायात: 'नवल अहंकाराची गोठी । विशेषें न लगे अज्ञानापाठीं । सज्ञानाचे झोंबे कंठीं । नाना संकटीं नाचवी ।' म्हणजे अहंकार जाणत्याचाच गळा धरतो. शिवाय माज आणि मद दोन्ही 'मद्' धातूचे. फारसी 'मस्त' आणि आपला 'मत्त' हेही एकाच मुळाचे, त्यामुळे 'मस्ती'ला परकी म्हणता यायचं नाही.

उंबरठा:
पण बैलाचं रुसणं हा मान कशावरून? रोजचा क्रम मोडला की जनावर बिथरतं. 'मानी' हे वडलांनी त्याला दिलेलं नाव आहे.

माळरान:
क्रम जनावरालाही कळतो, आपला नंबर पहिला हेही कळतं. नंबर कळला तर 'आपला' कळला की नाही?

राईनकाठ:
यावर प्रयोग झालेले आहेत. १९७० साली मानसशास्त्रज्ञ गॅलप यांनी चिंपांझींना गुंगी देऊन भुवईवर आणि कानावर लाल रंग लावला. जागे झाल्यावर आरशात बघून त्यांनी स्वतःच्या अंगावरच्या त्या रंगाला हात लावला. पुढे २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हत्तिणीनेही हे केलं, २००८ मध्ये मॅगपाय पक्ष्यांनी. कुत्रा यात नापास होतो. पण कुत्र्याचं जग नाकाचं आहे, आरशाला वास नसतो. स्वतःच्या लघवीचा वास बदलून समोर ठेवला, तर कुत्री तो जास्त वेळ हुंगतात, असंही दिसलेलं आहे.

खडीसाखर:
मग दुसऱ्या जागी 'स्वतःची ओळख' म्हटलं तर?

माडबन:
मी गोव्याचा. 'अहं'बद्दल एवढं बोलणं झालं, पण तो जिवंत कुठे आहे हे कुणी सांगितलं नाही. आमच्या कोंकणीत 'मी' म्हणजे 'हांव', तो थेट 'अहम्'वरून आलेला. गुजराती 'हुं' त्याच घरातला. मराठीने 'मी' घेतला आणि 'अहं'ला फक्त दुर्गुणात ठेवलं. मला तर वाटतं मराठीतली 'हाव' म्हणजे आमचा 'हांव'च. 'मी, मी' करणारा तो हावरा.

पानगळ:
कानाला गोड लागतं, पण पटत नाही. सर्वनामाचं स्त्रीलिंगी नाम कसं झालं ते दाखवा. 'हावरा'तला 'रा' तुमच्या 'हांव'ला कुठून चिकटला?

माडबन:
'मीपणा' होतो तर 'हाव' का होऊ नये?

उंबरठा:
'मीपणा'ला 'पणा' लागलाय. 'हाव'ला काय लागलंय?

खडीसाखर:
मंडळी, लेख शुक्रवारी द्यायचा आहे. पहिल्या वाक्यात 'अहंकार' ठेवते आहे, दुसऱ्या जागी अजून रिकामी रेघ आहे. माळरानदादा, सासरे विचारताहेत, दुसऱ्या वर्षी हिंगूळ आधी कुणाला लावला?

माळरान:
थोरल्याला. त्यानंतर तो असेपर्यंत दर बेंदराला त्यालाच.