मदत हवी आहे: एका मेल सर्व्हरवर तीन डोमेन, लॉगिन वेगळे कसे करू?

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातला, आर्णीच्या बाजूचा. इथल्या एका शेतकरी कंपनीचा, एका दाल मिलचा आणि एका कनिष्ठ महाविद्यालयाचा मेल सर्व्हर मी एकटा सांभाळतो. मशीन मुंबईत भाड्यानं घेतलंय, कारण गावात लाइनचा भरवसा नाही. डेबियन 12 (लिनक्स), डाक घ्यायला-पाठवायला पोस्टफिक्स, मेलबॉक्स आणि लॉगिनला डव्हकॉट 2.3. तिन्ही मिळून 41 खाती.

मागच्या आठवड्यात मिलच्या दिवाणजींनी बोलावून घेतलं. "भाऊ, माह्या मेलमंधी हे पोरापोरींचे आधार नंबर काहून येऊन रायले?" म्हणत फोन पुढं केला. काचेवर डाळीची पिवळी धूळ आणि खाली कॉलेजची शिष्यवृत्तीची यादी. नावं, आधार, बँक खाती, सगळं. पाठवणाऱ्यानं पत्ता बरोबर टाकला होता, ऑफिस@कॉलेज. यादी पोचली मिलच्या ऑफिसला. दिवाणजींनी ती कुणाला दाखवली नाही, पुढंही पाठवली नाही. पण ही चूक माझ्या मांडणीची आहे आणि ती पोरं माझ्या ओळखीच्या घरांतली आहेत. तेव्हापासून झोप लागत नाही.

झालं कसं, ते सांगतो. सुरुवातीला एकच डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) होतं, म्हणून प्रत्येकाचं लिनक्सवर साधं खातं काढलं. पुढं मिलचं डोमेन आलं, मी ते पोस्टफिक्सच्या 'मायडेस्टिनेशन' मध्ये, म्हणजे याच मशीनची डाक कुठल्या डोमेनची त्या यादीत, जोडलं. जूनमध्ये कॉलेजचंही तिथंच जोडलं. मायडेस्टिनेशनमधल्या सगळ्या डोमेनला मशीनवरची तीच खाती लागू होतात. म्हणजे 'ऑफिस' हे खातं एकदा काढलं की ऑफिस@कंपनी, ऑफिस@मिल, ऑफिस@कॉलेज हे तिन्ही पत्ते आपोआप चालू, आणि तिन्हींची डाक एकाच मेलबॉक्समध्ये. कंपनी आणि मिल आधी एकाच खोलीत बसायच्या, दोन्हींची डाक एकच माणूस बघायचा, त्यामुळं कुणाला खटकलं नाही.

वरून लोकांना सोपं जावं म्हणून डव्हकॉटमध्ये 'ऑथ_युजरनेम_फॉरमॅट' ला मी '%एलएन' दिलं. कुणी पूर्ण पत्ता टाको की नुसतं नाव, @ च्या पुढचं कापलं जातं. आता तेच अंगाशी आलं.

पुढं काय करायचं ते कळलंय. तिन्ही डोमेन मायडेस्टिनेशनमधून काढून 'व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन' करायची, सगळी डाक 'व्हीमेल' नावाच्या एका खात्याच्या मालकीत डोमेनवार फोल्डरमध्ये ठेवायची, लॉगिन म्हणजे पूर्ण पत्ता. चाचणीच्या मशीनवर करूनही पाहिलं.

अडलंय ते लोकांपाशी. सोयाबीन काढणी सुरू आहे. कंपनीचे 19 जण गावोगावचे, दिवसभर वावरात. काहींच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी. त्यांच्या फोनमध्ये नुसतं नाव टाकलेलं आहे. लॉगिन बदललं की मेल बंद, आणि खरेदीचे निरोप मेलवरच जातात. 'ऑथ_डिफॉल्ट_रेल्म' पाहिलं, पण ते नुसत्या नावामागं एकच डोमेन लावतं. मला तीन लागतात.

पासवर्ड नव्यानं वाटावे लागतील का? आणि एकत्र झालेली जुनी डाक वेगळी कशी करू? मिलच्या कॉम्प्युटरवर पॉप (डाक कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत) आहे, डाकेची प्रत सर्व्हरवर ठेवून. तिथं हजारो मेल पुन्हा उतरले तर दिवाणजींचा दिवस जाईल.

---

उत्तर: वर्धाकाठचा

दादा, 41 जणांना फोन करायची गरज नाही. ज्यांचं नाव एकाच डोमेनमध्ये आहे, त्यांचं जुनं लॉगिन चालू ठेवता येतं. डव्हकॉटच्या पासवर्ड फाइलमध्ये जास्तीच्या फील्डमध्ये 'युजर=' लिहून पूर्ण पत्ता द्या. माणूस नुसतं नाव टाकेल, डव्हकॉट आत त्याला पूर्ण पत्त्यानं ओळखेल. अशा ओळींची फाइल वेगळी ठेवा, म्हणजे काढणी झाल्यावर एकेक ओळ काढून टाकता येईल. 'ऑफिस' सारख्या सामायिक नावाला ही सवलत अजिबात देऊ नका. तिथं माणूस गाठूनच बदल करा.

पासवर्ड नवे नकोत. लिनक्सच्या शॅडो फाइलमधला हॅश (पासवर्डचं सांकेतिक रूप) जसाच्या तसा उचला, त्याच्या आधी महिरपी कंसात 'क्रिप्ट' लावा. सामायिक खात्याचा मात्र आजच बदला.

'%एलएन' काढून '%एलयू' करा, म्हणजे पूर्ण पत्ता राहील. '%एलएन' राहिलं तर एलएमटीपीनं (पोस्टफिक्सनं डव्हकॉटकडं डाक सोपवायची रीत) डाक टाकतानाही डोमेन कापलं जाईल आणि तुम्ही होते तिथंच याल. एकच डोमेन मायडेस्टिनेशन आणि व्हर्च्युअल दोन्हीकडं राहिलं तर पोस्टफिक्स लॉगमध्ये ताकीद देतं, ती बघत राहा.

जुन्या डाकेसाठी: तुमचं पोस्टफिक्स स्वतः मेलडिरमध्ये (प्रत्येक पत्राची वेगळी फाइल ठेवणारा फोल्डर) डाक टाकत असेल तर प्रत्येक पत्रावर 'एक्स-ओरिजिनल-टू' हेडर (पत्राच्या माथ्यावरची ओळ) असतं, त्यात मूळ पत्ता. 'ऑफिस' चा अख्खा मेलडिर तिन्ही नव्या खात्यांत कॉपी करा, 'डव्हकॉट-यूआयडीलिस्ट' फाइलसकट. मग 'डव्हअ‍ॅडम एक्सपंज' नं प्रत्येकातून परक्या पत्त्याची पत्रं काढा. ती फाइल सोबत गेली की पॉपचे क्रमांक बदलत नाहीत, जुने मेल परत उतरत नाहीत. आधी बॅकअप घ्या, आणि एक्सपंजच्या आधी त्याच अटीनं 'सर्च' करून आकडा बघा. रात्री तासभर सर्व्हर बंद ठेवला तरी डाक बुडत नाही, पाठवणारे सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतात.

अजून एक. पोस्टफिक्समध्ये 'एसएमटीपीडी_सेंडर_लॉगिन_मॅप्स' (कुठला पत्ता कुठल्या लॉगिनचा, ती यादी) भरा आणि 'रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच' लावा. नाहीतर मिलच्या लॉगिननं कॉलेजच्या नावानं मेल जाऊ शकतो. येणाऱ्या डाकेचं तुम्हाला कळलं, हे कधी कळलंही नसतं.

---

धागाकर्ता:

दादा, खूप उपकार झाले. चाचणीच्या मशीनवर 'युजर=' पहिल्याच फटक्यात चाललं. मोजून पाहिलं, सामायिक नावं दोनच निघाली, ऑफिस आणि अकाउंट्स. म्हणजे भेटायचं फक्त पाच जणांना. पासवर्ड कालच बदलले. कॉलेजच्या प्राचार्यांना जाऊन सगळं खरं सांगितलं, यादीतल्या पालकांना ते स्वतः कळवणार आहेत. दिवाणजींच्या फोनमधली प्रत त्यांच्यासमोर बसून काढली.

शनिवारी रात्री बदल करतो. एकच राहिलं: 'सेंट' फोल्डरमधल्या पत्रांवर ते हेडर नसतं. तिथं 'फ्रॉम' वरून वेगळं करावं म्हणतोय, पण काही फोनमध्ये फ्रॉमला कंपनीचाच पत्ता राहून गेलाय. अशी पत्रं कुणी कशी वेगळी केली, ते शनिवारच्या आत सांगा.